बोलत धावायचं असतं

८ जून
स्टेशनसमोरचं लॉज

प्रिय छोट्या,
आणि छोट्याला हे वाचून दाखवणाऱ्या माझ्या गुणी वहिनी,

आधी सगळ्यांची चौकशी करते, मग माझं पुराण लावते. छोट्या, तुझी टाच कशी आहे? बर्फ लाव म्हटलं होतं, लावलास की सरबतात घातलास? वहिनी, तुझ्या पाठीचं काय? भरलेली बादली एका दमात उचलू नकोस, दोन फेऱ्या मारल्यास तर कोणी दंड करणार नाही. चिमीची हलणारी दाढ पडली का, की अजून जिभेनं तिला झोके देतेय? तिला सांग, आत्या तिच्यासाठी एक खोका भरतेय, आत काय ते विचारायचं नाही. खालच्या मजल्यावरचे बसड्रायव्हर अजून खोकतात का? त्यांना म्हणावं, मफलर गळ्याला गुंडाळायचा असतो, गिअरच्या दांड्याला नव्हे. आणि तुमचं ते मांजर? त्याला काय धाड भरलीये म्हणा.

माझं म्हणाल तर ठणठणीत. कंपनीनं या वेळी एका जुन्या बेकरीत नवी भट्टी बसवायला पाठवलंय. माणूस आत उभा राहील एवढं लोखंडी कपाट ते. लेव्हल लावून सरळ बसवायचं, कोरडंच तापवायचं, निवू द्यायचं, पुन्हा तापवायचं, आणि मग पहिली खेप काढायची. आमच्या धंद्यात पहिली खेप विकत नाहीत. बसवणाऱ्यानं ती चाखायची. चारी कोपऱ्यांतला एकेक पाव आणि मधला एक, म्हणजे आच सगळीकडे सारखी लागतेय का ते कळतं. आता यात माझा काय दोष? लोक कामाच्या शेवटी कागदावर सही करतात, मी लोण्यात पाव बुडवून करते.

इथल्या लॉजवाल्या बाई माझे धावायचे बूट बघून म्हणाल्या, "या वयात हे कशाला हो?"

म्हटलं, "माझ्या धाकट्या भावाला दिसत नाही. आम्ही एक दोरी धरून धावतो. एक टोक त्याच्या बोटांत, एक माझ्या."

"मग दोरी कुणी ओढायची?"

"कुणीच नाही. दोरी नुसती असते. तो धावतो माझ्या बोलण्यावर. खड्डा आला, चढ आला, डावीकडे वळ, सगळं मी सांगत राहायचं."

त्यावर बाईंचे यजमान पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बायकोनं बोलायचं नि नवऱ्यानं पळायचं, आमच्याकडे हे पंचवीस वर्षं दोरीशिवाय चाललंय."

मी इतकी हसले की हातातल्या चहानं बशीत आंघोळ केली.

सरावाची काळजी करू नकोस. रोज पहाटे धावते. म्हणजे जवळजवळ रोज. इथली कुत्री जरा नतद्रष्ट आहेत, आणि एक दिवस गुडघा कुरकुरला. पण ऑगस्टात आपण दहा किलोमीटर पुरे करणार म्हणजे करणार. मागच्या वेळी पाच संपल्यावर तू धापा टाकत म्हणाला होतास ना, "आक्का, घरात मी दोन्ही हात पुढे करून चालतो. इथे माझे हात मोकळे असतात." मी ते कुणाला सांगत नाही. पण विसरलेही नाही.

तुझी,
आक्का

*

३० जून
दुसरं गाव, दुसरं लॉज, उशी मात्र तशीच दगडी

छोट्या,

तुझं पत्र मिळालं. अक्षर वहिनीचं मोत्यासारखं, पण मजकूर तुझाच हे लगेच कळलं. खुशाली एका ओळीत आणि सूचना दीड पान.

तू विचारलंस, "आक्का, एकटी धावतेस तेव्हा बोलत धावतेस ना? पायांचा दम वेगळा, बोलण्याचा दम वेगळा." अगदी बरोबर आहे तुझं. नुसतं पळायला काय, बस सुटत असली की कोणीही पळतं. पळता पळता अख्खा रस्ता वाचून दाखवायचा, ही खरी मेहनत.

तर मंगळवारी केलं तसं. मोठ्यानं बोलत निघाले. "पुढे गटाराचं झाकण, जरा उजवीकडे. आता चढ. बारीक चढ. संपला." रस्ता झाडणारा एक जण हात थांबवून म्हणाला, "बाई, कुणाशी बोलताय?"

म्हटलं, "भावाशी."

त्यानं माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे नीट बघितलं, आणि झाडू मागे घेऊन तुला वाट दिली! तुझ्यातर्फे त्याला धन्यवाद दिले.

त्यानंतर मात्र थोडी अडचण झाली. अडचण अशी की धावायची वेळ आणि पाव निघायची वेळ एकच. बेकरी पहाटे जागी होते. मालक इतका गोल आहे की त्याला सगळे 'लोणी मालक' म्हणतात, त्याच्या तोंडावरसुद्धा. तो दारात उभा राहून हाक मारतो, "आक्का, पहिला ट्रे तुमच्याशिवाय उघडणार नाही." आता लोणी लावलेल्या ताज्या पावाच्या वासातून जी बाई पळून जाईल ती एक तर साध्वी, नाहीतर तिला सर्दी. मग मी म्हणते, संध्याकाळी धावू. संध्याकाळी मालकाची आई अंडी घालून बटाटे भाजते आणि वर चीज किसते. म्हातारीचं मन कसं मोडायचं?

पण धावते हो मी. अधूनमधून. दम शाबूत आहे.

पॅन्टचं बटण एक बोट सरकवून लावलंय, पण ते धुलाईमुळे. या लॉजात कपडे बटाट्यासारखे उकळतात. वहिनी, ही ओळ त्याला वाचू नकोस. किंवा वाच, हसू दे.

आक्का

*

५ ऑगस्ट

छोट्या, घाईत लिहितेय. गुरुवारी येणार होते, आता शनिवारी संध्याकाळी येईन. भट्टीचा एक भाग बदलायचा राहिलाय. रविवारची शर्यत आहे हे मी विसरलेले नाही. वहिनीला म्हणावं, रात्री हलकंच कर काहीतरी, भात आणि वरण, जास्त नको.

आक्का

*

१४ ऑगस्ट
प्रवासात

प्रिय छोट्या,

हात कसा आहे? प्लास्टर ओलं होऊ देऊ नकोस, आंघोळीच्या वेळी वहिनीकडून प्लॅस्टिकची पिशवी बांधून घे. गालाचे टाके ओढत असतील, पण त्यावर हात नेऊ नकोस. चिमी घाबरली नाही ना फार? तिला तुझं तोंड बघून रडू आलं, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वहिनी, तुझी तब्येत? तुझं जेवण होतंय ना वेळेवर?

सोमवारी पहाटेच निघावं लागलं. भट्ट्या काही आपल्या सोयीनं थांबत नाहीत. निघताना वहिनी दारापर्यंत आली नाही, कामात असेल.

मी आयोजकांना चांगलं खरमरीत पत्र लिहिणार आहे. गतिरोधकाला साधा पांढरा रंग द्यायला काय झालं होतं त्यांना? शेजारी एक माणूस उभा करायचा, झेंडा देऊन. डोळसांनाही तो दिसला नसता. आणि लोकांचा गोंगाट तरी किती! त्या गोंगाटात कुणी कुणाला काय म्हणालं हे कसं ऐकू येणार? तू मधे मला काही विचारलंस का रे? मला आठवत नाही.

चिमीला सांग, खोका आणायचा राहिला. पुढच्या वेळी.

हाड जुळेल. तुझं वय असं काय झालंय? होतं असं धावण्यात, कुणाच्याही बाबतीत होतं. मनाला लावून घेऊ नकोस.

दोन ओळी पाठव.

आक्का

*

२ सप्टेंबर

छोट्या,

तुझ्या दोन ओळी आल्या नाहीत. वहिनीच्या आल्या. ती लिहिते, "आक्का, यांचे बूट कुणाला देऊ? नको म्हणतात घरात. म्हणतात, माझाच पाय आता भरवशाचा राहिला नाही. घरातल्या घरात भिंत धरून चालतात. पाण्याच्या माठापर्यंत जायचं तरी मला हाक मारतात. काय करू सांगा."

हे पत्र मी चार दिवस उशाखाली ठेवलं. बूट कुणाला द्यायचे म्हणून विचारलंय, तर तेवढंच उत्तर द्यावं, असंही एकदा मनात आलं. इतकी मी वाईट.

वहिनी, आता पुढचं वाच, आणि एक कर. मधे थांबू नकोस, आवाज बदलू नकोस, मला वाचवायला एखादी ओळ गाळू नकोस. तुला राग आला तर तो वाचून झाल्यावर काढ.

छोट्या, तुझा पाय चुकला नाही.

गतिरोधक मला दिसला होता. चांगला लांबून दिसला होता. त्याला रंग होता, ताजा, पांढरा शुभ्र. आयोजकांना मी कसलंही पत्र लिहिलेलं नाही.

आता सुरुवातीपासून सांगते. भट्टीचा कुठलाही भाग बदलायचा राहिला नव्हता. काम बुधवारीच संपलं होतं. लोणी मालकानं निरोपाचं जेवण ठेवलं, ते शुक्रवारी होतं, म्हणून मी थांबले. दोन दिवस तुझ्याबरोबर सराव करायचा होता, ते दोन दिवस मी भाजलेल्या बटाट्यांना दिले. शनिवारी तुझ्याकडे येऊन वहिनीचं भात-वरण चार घास खाल्लं आणि म्हटलं, "उद्या पळायचंय, एवढंच बास." वहिनी, तू माझं कौतुक केलंस. म्हणालीस, "बघा, आक्कांचा संयम." मग मी माझ्या खोलीवर गेले. सकाळी उठले, बूट घातले, आणि चिमीचा खोका उघडला. शुक्रवारीच तो ताज्या लोण्याच्या केकनं भरून घेतला होता. म्हटलं, एक तुकडा, ताकदीसाठी. तो संपल्यावर कडा सरळ दिसेना, म्हणून आणखी एक. कडा सरळ करता करता खोका रिकामा झाला. चिमे, खोका आणायचा राहिला नव्हता. तो तुझ्या आत्यानं उभ्यानं, बूट घालून खाल्ला.

आणि सराव म्हणशील, तर बोलत धावले ती त्या मंगळवारी. पुन्हा नाही.

सुरुवातीला बरं चाललं. तू म्हणालास, "आक्का, आज आपण उडतोय!" पूल ओलांडल्यावर मला कळलं की श्वास पुरत नाहीये. पाय चालत होते. गंमत बघ, पाय कधीच दगा देत नाहीत, ते लाकडाचे असल्यासारखे चालत राहतात. आधी मी चेष्टा-मस्करी सोडली. मग लांब वाक्यं सोडली. "पुढे डावीकडे खड्डा आहे, जरा माझ्याकडे सरक" याचं झालं "डावीकडे खड्डा," मग नुसतं "खड्डा." मग नुसता दोरीला हिसका. दोरी ओढायची नसते हे सगळ्या जगाला सांगत फिरणारी मी.

तू म्हणालास, "आक्का, बोल ना."

मी दोरी हलवली.

तू म्हणालास, "आहेस ना?"

मी पुन्हा हलवली.

तेव्हा "थांब" एवढं म्हणता आलं असतं. दोन अक्षरं. तेवढा वारा छातीत होता, खोटं कशाला बोलू. तू थांबला असतास, आपण रस्त्याच्या कडेला बसलो असतो, मी ओकले असते, तू माझी पाठ चोळत हसला असतास. एवढंच झालं असतं.

पण कडेला आमच्या कंपनीच्या ऑफिसातल्या बायका उभ्या होत्या. "आक्का! आक्का!" म्हणून टाळ्या पिटत होत्या. या बायका मला डब्याच्या वेळी म्हणतात, "आक्का, तुम्ही धावता? की भट्टीवाले तुम्हाला ढकलत आणतात?" त्यांच्यापुढे मी पोट आत ओढून घेतलं. बाकी काही नाही, पोट आत ओढलं. पोट आत घेतलं की श्वासाला जागा राहत नाही. तेवढ्यात तो पांढरा पट्टा आला. शब्द तोंडात होता, मागे हवा नव्हती. मला त्या घटकेला तुझ्या पायांपेक्षा माझ्या पोटाची लाज मोठी वाटली.

तू माझ्यावर विश्वास ठेवून, हात मोकळे सोडून, पूर्ण वेगात त्यावर गेलास.

हे सांगून झालं. याच्याहून वाईट अजून राहिलंय.

दवाखान्यात तुझ्या गालाला टाके घालत होते. तू दुसऱ्या हातानं मला चाचपडत शोधलंस आणि म्हणालास, "आक्का, माफ कर. माझ्यामुळे तुझी शर्यत बुडाली." आणि मी काय म्हणाले आठवतं? मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "असू दे रे. होतं असं."

मी तुला माफ केलं, छोट्या. तुझं तोंड फाटलेलं, हात मोडलेला, आणि मी, पोटात चिमीचा केक घेऊन, तुला माफ करत होते. नर्स म्हणाली, "किती प्रेमळ बहीण आहे." मी मान खाली घातली, तिला वाटलं विनयानं.

आई गेली तेव्हा तू दाराच्या कडीला हात पुरणार नाही एवढा होतास. तुला मी मोठं केलं असं लोक म्हणतात, मीही ऐकून घेते. आता वाटतं, ज्यानं मोठं केलं त्याला लहान करायचाही परवाना मिळतो, असं मी धरून चालले होते की काय.

पहिल्या खेपेचं एक गुपितही सांगते, धंद्यात कुणाला सांगितलेलं नाही. आच सारखी आहे का हे कळायला अख्खा पाव लागत नाही. प्रत्येक कोपऱ्यातला एक घास पुरतो.

वहिनी, बूट कुणाला देऊ नकोस. ज्याचे आहेत त्याचा पाय शाबूत आहे. त्याला एवढं पटव. मग माझं तोंड बघायचं नाही म्हणाला तरी चालेल.

आक्का

*

२८ सप्टेंबर
डोंगराच्या पायथ्याचं गाव

प्रिय छोट्या, वहिनी, चिमी,

छोट्या, प्लास्टर निघालं ना? हात खाजत असेल, सालं निघत असतील, खोबरेल चोळ. वहिनी, पाठीला पट्टा घेतलास ते बरं केलंस. चिमे, नवी दाढ येतेय म्हणे, पिंपळपान नाही की मोतीदाणा नाही, पण माझ्या भाचीची म्हणून मौल्यवान.

वहिनीचं पत्र मी बेकरीच्या मागच्या पायरीवर, पिठाच्या पोत्याला टेकून वाचलं. तिनं सगळं लिहिलंय, वर पदरच्या दोन टिपाही जोडल्यात. माझं पत्र तू शेवटपर्यंत ऐकलंस. मग म्हणालास, "पुन्हा वाच, तो पांढऱ्या पट्ट्याचा भाग." मग म्हणालास, "म्हणजे पाय माझा चुकला नव्हता." असं तीनदा म्हणालास. मग उठून, भिंत न धरता, माठाशी गेलास आणि पाणी प्यायलास. वहिनी लिहिते, "मी मागे उभी राहून तोंडात पदर कोंबला, आवाज येऊ नये म्हणून."

त्यानंतर म्हणे दोन दिवस घरात भांडी आपटत होतास. "मला माफ केलं होतं म्हणे हिनं! मला!" आपट. चांगली आपट. त्यातलं एखादं इथवर ऐकू आलं असतं तर मला बरंच वाटलं असतं.

आणि चिमीनं खाली पेन्सिलीनं लिहिलंय, "आत्या, तू खाल्लास तर खाल्लास, पण कसा होता?" चिमे, फार छान होता ग. म्हणून तर वाईट वाटतं.

आता खालचे बसड्रायव्हर सकाळी ड्यूटीआधी तुझी दोरी धरतात, हेही कळलं. वाचलं तेव्हा हेवा वाटला. तो वाटणारच होता. पण माणूस चांगला आहे, काटक आहे, आणि त्यांचा खोकलाही थांबलाय. एकच काळजी. त्यांच्या आयुष्याची तीस वर्षं 'चालकाशी बोलू नये' या पाटीखाली गेलीत. आता त्यांना उलट काम दिलंय. वहिनी लिहिते, पहिल्या दिवशी त्यांनी नुसता तोंडानं हॉर्न वाजवला!

त्यांना माझ्याकडून एवढं सांगा. छोट्याला "सावकाश" म्हणायचं नाही, तो चिडतो आणि मुद्दाम जोरात पळतो. "उतार" हा शब्द उताराच्या जरा आधी म्हणायचा, कारण ऐकल्यावर तो एक पाऊल विचार करतो. समोरून सायकल आली तर तिचं वर्णन करायचं नाही, फक्त कुठल्या बाजूला व्हायचं ते सांगायचं. डाव्या वळणावर तो थोडा आत घसरतो, दोष त्याचा नाही, लहानपणी आम्ही दोघं चालायचो तेव्हा मी त्याच्या डाव्या हाताला असायचे आणि तो मला टेकून वळायचा. आणि मधूनच काहीतरी फालतू बोलायचं, दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय, कुणाच्या गच्चीत काय वाळतंय. रस्ता सांगायला नाही. बाजूला माणूस आहे हे कळायला.

माझं म्हणशील तर, पाव निघायची वेळ काही मला बदलता येत नाही. म्हणून आता मी पहिली खेप काढून, पाच घास घेऊन, बाकी ट्रे भट्टीवरच्या पोरांपुढे ठेवते आणि मग बूट घालते. तेव्हा ऊन असतं, लोक बघतात, आणि मी मोठमोठ्यानं बोलत धावते. "खड्डा. चढ. उजवीकडे दूधवाल्याची गाडी. गच्चीत निळी चादर." इथली पोरं माझ्यामागे पळतात आणि माझी नक्कल करतात. पोट आत घेत नाही. बाहेर येतं तसं येऊ देते. परवा पाच घासांवर थांबले नाही, दोन पाव खाल्ले, तेही लिहून टाकते. लपवायचं नाही असं ठरलंय. त्या दिवशी मधल्या चढावर आवाज गेला. थांबले, बसले, एका बाईनं पाणी दिलं. धावून दाखवण्यापेक्षा थांबून दाखवायला मला जास्त जोर लागतो, हे या वयात कळलं.

पत्राच्या शेवटी वहिनी लिहिते, "नोव्हेंबरात पुन्हा दहाची शर्यत आहे. यांनी नाव दिलंय. त्या रविवारी ड्रायव्हरांना सुट्टी नाही." आणि पुढे काहीच लिहीत नाही. पान अर्धं कोरं सोडलंय. ते कोरं तिनं आपणहून सोडलं की तू सोडायला सांगितलंस, ते मला ओळखता येत नाही.

मी दोरी मागणार नाही. मागायला माझ्याकडे तोंड नाही. पण ऑक्टोबरात चार दिवस घरी आहे. एखाद्या सकाळी नदीकाठच्या सपाट रस्त्यावर मला घेऊन बघ. वेग तुझा. मी बोलत राहीन. जिथे माझा आवाज अडकेल तिथे तू तुझं टोक सोड आणि उभा राहा, मी का कशाला विचारणार नाही. आणि त्या शर्यतीला तू दुसऱ्या कुणाबरोबर धावायचं ठरवलंस, तर मी कडेला, ऑफिसातल्या बायकांबरोबर उभी राहून टाळ्या पिटेन. त्यांना मी पत्रानं सगळं कळवलंय. त्यांच्या उत्तरात चेष्टेचा एक शब्द नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ये म्हण. नको म्हण. ड्रायव्हरांसारखा नुसता हॉर्न वाजव. वहिनीकडून चार शिव्या लिहून घे, तिला येत नसतील तर माझ्याकडून शिकून घे. पण छोट्या, लवकर उत्तर पाठव, गप्प बसू नकोस. गप्प राहिलं की काय होतं, ते आपल्या घरात एकीनं करून दाखवलंय.

तुझी,
आक्का